मानवतच्या तपासाविषयी

मानवत हे कापसाच्या पेठेचं गाव. परभणी जिल्ह्यातलं, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या निजामकाळातल्या रेल्वेवर ‘मानवत रोड’ या नावाचं स्टेशन असलेलं, अडतीची दुकानं, बाजार, नगरपालिका असं सगळं असलेलं मराठवाड्यातलं एक चालतं-बोलतं छोटं गाव. उरलेल्या महाराष्ट्राला मात्र ते अर्धशतक उलटून गेलं तरी ‘मानवत हत्याकांड’ या दोन शब्दांतच माहीत आहे. हा त्या गावावरचा अन्याय आहे, आणि या पुस्तकाचा विषयही तेच हत्याकांड असल्यामुळे तो अन्याय माझ्याही हातून काही प्रमाणात होणार आहे. निदान तो जाणूनबुजून वाढू नये, एवढी काळजी मी पुढच्या पानांत घेतली आहे.

14 नोव्हेंबर 1972 या दिवशी गावात एका लहान मुलीचा खून झाला. तो बालदिन होता. तिथपासून 4 जानेवारी 1974 पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा महिने, खून होत राहिले. कोवळ्या मुली, तिशी-पस्तिशीतल्या बायका, आणि शेवटी एक आई, तिची मुलगी आणि कडेवरचं वर्षाचं लेकरू. मारण्याच्या पद्धतीत सारखेपणा होता, म्हणून ही एकाच साखळीतली कृत्यं असावीत असा संशय आला. या मुलींच्या शरीरांवर काय झालं होतं, ते न्यायालयीन कागदांत नोंदलेलं आहे. मी ते इथे लिहिलेलं नाही. तपास समजण्यासाठी जेवढं कळायला हवं, तेवढंच या पुस्तकात येईल.

वर्षाकडे मात्र नीट बघायला हवं. 1972 म्हणजे दुष्काळ. लागोपाठ पावसानं दगा दिला होता आणि मराठवाड्याची पार होरपळ झाली होती. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिला लोक ‘मिलो’ म्हणत, ती खाऊन दिवस निघत होते. दुष्काळी कामावर सुकडी वाटली जात होती. 1973च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसं खडी फोडायला, बंधारे बांधायला, रस्त्यांवर माती टाकायला लागली होती. आईबाप दिवस उगवताना कामावर गेले की घरी उरायची म्हातारी माणसं आणि पोरं. शेण-गोवऱ्या, काटक्या, पाणी ही कामं अशा घरांत मुलींकडे येतात, आणि पाणी जितकं लांब, तितकी मुलगी घरापासून लांब. मारल्या गेलेल्या मुली गरीब घरांतल्या होत्या. खुनी कोण याचा शोध पोलिसांनी घेतला. त्या एकट्या का सापडल्या, याचं उत्तर मात्र दुष्काळाच्या हिशेबातच शोधावं लागतं.

पहिला खून झाला तेव्हा तो एक खून होता. तपास स्थानिक ठाण्याकडे गेला, तसा तो जातोच. दुसरा, तिसरा झाला तेव्हा भीती पसरली. इथे शहरातल्या वाचकाला एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. मोठ्या शहरात भीती अनोळखी माणसाची असते. लहान गावात ओळखीच्याच माणसाची भीती सुरू झाली की तिला तोंड फुटत नाही. ज्याच्या दुकानातून उधारीवर ज्वारी आणायची, ज्याच्या शेतात कामाला जायचं, ज्याच्या सहीनं दाखला मिळायचा, त्याच्याबद्दल पोलिसाला काही सांगायचं म्हणजे उद्याच्या भाकरीवर पाणी सोडायचं. पोलीस काही महिन्यांनी बदलून जाणार. गाव तिथेच राहणार. मानवतमध्ये महिनोन्‌महिने तपास पुढे सरकला नाही, त्याला स्थानिक पोलिसांचा नाकर्तेपणा एवढंच कारण देणं मला पटत नाही. चूप राहणाऱ्या गावातून माहिती काढायला लागणारा अवकाश त्यांच्याकडे नव्हता, आणि ते स्वतःही त्याच गावगाड्याच्या दाबाखाली वावरत होते.

म्हणून बाहेरचा माणूस आला. मुंबईच्या गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे ही जबाबदारी सोपवली गेली. कुलकर्णींचं नाव तोवर मुंबईत घराघरांत पोचलेलं होतं. 1968मध्ये उत्तर मुंबईच्या झोपड्यांत आणि पदपथांवर झोपलेल्या माणसांची डोकी ठेचणारा रामन राघव त्यांच्याच कारकिर्दीत पकडला गेला. त्या ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी त्याला ओळखलं, ताब्यात घेतलं, आणि पुढे कोठडीत तो बोलता झाला. शहरानं सुटकेचा श्वास सोडला. हे असं यश गाठीशी असलेला अधिकारी मराठवाड्यातल्या एका छोट्या गावात येतो तेव्हा गावाच्या आणि सरकारच्या अपेक्षा कुठे गेलेल्या असतील, याची कल्पना करता येते.

पण रामन राघव आणि मानवत यांच्यात साम्य फार थोडं. तिथे एकटा माणूस होता, मनाच्या आजारानं ग्रासलेला, त्याला कुणाशी देणंघेणं नव्हतं, ज्यांना मारलं त्यांच्याशी ओळखही नव्हती. सत्र न्यायालयानं त्याला दिलेली फाशी पुढे त्याच्या मानसिक आजारामुळेच रद्द होऊन जन्मठेप झाली. मानवतमध्ये जे आरोपपत्र उभं राहिलं त्यात 18 माणसं होती. मांत्रिक, हस्तक, पैसे देणारे, पैसे घेणारे, गप्प राहणारे. अभियोगाचं म्हणणं असं होतं की पिंपळावरच्या मुंजाला संतुष्ट करून गुप्तधन मिळवायचं आणि मूल व्हावं, यासाठी मुलींचे बळी दिले गेले. एकट्या वेड्याला पकडण्यासाठी रस्त्यांवर गस्त वाढवता येते. अठरा शहाण्यासुरत्या माणसांच्या संगनमताचा आरोप सिद्ध करायला त्या अठरांमधलाच कुणीतरी बोलावा लागतो. मानवतच्या तपासातल्या सगळ्या गुंतागुंतीचं मूळ या एका गरजेत आहे.

हे पुस्तक मी गिरगावात फणसवाडीत राहून लिहिलं आहे आणि त्याचा इथे संबंध आहे. मराठी माणसाच्या मनातला ‘डिटेक्टिव्ह’ घडला तो बऱ्याच अंशी या गिरगावच्या आसपास. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची माणसं चाळींच्या गॅलऱ्यांत, भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीत, गिरणीच्या पाळीवरून परतणाऱ्याच्या खिशात वावरत होती. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे खरं नाव असलेल्या अर्नाळकरांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना वाचायची गोडी लावली. या ऋणाविषयी मला अतिशय आदर आहे. शब्द जोडून वाचू लागलेल्या मुलाला आणि रात्रशाळेत शिकणाऱ्या कामगाराला त्यांनी एका बैठकीत संपणारं पुस्तक दिलं, ही लहान गोष्ट नव्हे.

त्या कथांमधून एक समजूतही आपल्यात मुरली. हुशार माणूस येतो, इतरांना न दिसलेलं त्याला दिसतं, शेवटच्या प्रकरणात तो सगळ्यांसमोर बोट दाखवतो आणि दोषी मान खाली घालतो. त्यापुढे पान नसतं. पंचनामा, साक्षीदाराची उलटतपासणी, फितूर झालेला पंच, अपील यांतलं काहीही नसतं. तशी ती असायचीही गरज नव्हती, कारण रहस्यकथेचा करार वाचकाशी असतो. खऱ्या तपासाचा करार न्यायालयाशी असतो. मानवतची हकिकत सांगताना गेल्या पन्नास वर्षांत आपण बहुतेक वेळा रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणावर थांबलो आहोत: मुंबईहून साहेब आले, त्यांनी गूढ उकललं, अघोरी टोळी गजाआड गेली. न्यायालयात पुढे जे घडलं ते या सांगण्यात येतच नाही. मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं, आणि हे पुस्तक लिहिण्याचं कारणही तेच आहे.

तेव्हाच्या तपासाची साधनं काय होती, ते आधी पाहू. मृतदेह उघड्यावर, शेताशिवारात. रक्त माणसाचं की जनावराचं, आणि माणसाचं असेल तर कोणत्या गटाचं, इतकंच प्रयोगशाळा सांगू शकायची. डीएनएवरून माणूस ओळखता येईल हा शोध इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांना लागला तो 1984मध्ये, मानवतनंतर दहा वर्षांनी. मोबाइल नाही, कॅमेरे नाहीत. मुंबईहून जायचं तर मनमाडला गाडी बदलून मीटरगेजनं. तपास करायचा म्हणजे माणसांशी बोलायचं, तीच माणसं पुन्हा गाठायची, त्यांनी पहिल्यांदा सांगितलेलं आणि दुसऱ्यांदा सांगितलेलं ताडून पाहायचं. कुणाच्या घरी अचानक पैसा आला, कुणाची कुणाकडे रात्री-बेरात्री ऊठबस आहे, कोणता भगत कधी गावात आला आणि कधी दिसेनासा झाला. अनेक खुनांचा एकत्र तपास करण्याची पद्धत जगभर हीच आहे: प्रत्येक घटनेचा वेगळा तक्ता मांडायचा, मग सर्व तक्त्यांमध्ये पुन्हापुन्हा येणारं नाव, जागा, हत्यार, वेळ शोधायची. त्यात एक धोका असतो. साखळी आहे असं एकदा मनात बसलं की साखळीत न बसणारी कडीही ओढूनताणून बसवली जाते. दुसऱ्या कुणी दुसऱ्या कारणासाठी केलेला खूनही त्यातच मोजला जाण्याची भीती असते. तपास अधिकाऱ्याची खरी कसोटी इथे लागते, आणि ती कुठल्याही रहस्यकथेत लागलेली मी वाचलेली नाही.

अठरा आरोपींपैकी दोघांना माफी देऊन माफीचे साक्षीदार करण्यात आलं. उरलेल्या 16 जणांवर परभणीच्या सत्र न्यायालयात खटला चालला. माफीचा साक्षीदार ही कायद्यातली फार अवघड व्यवस्था आहे. तो स्वतः गुन्ह्यात सामील असतो, म्हणून त्याला आतलं माहीत असतं. आणि स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलत असतो, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. 1872च्या भारतीय पुरावा कायद्यात यासाठी दोन तरतुदी शेजारी शेजारी उभ्या होत्या. कलम 133 म्हणत होतं की साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा दिली तरी ती बेकायदेशीर ठरत नाही. कलम 114 चं ‘ब’ उदाहरण मात्र सुचवत होतं की महत्त्वाच्या तपशिलांत दुसऱ्या पुराव्याची जोड मिळाल्याशिवाय साथीदाराला विश्वासार्ह मानू नये. न्यायाधीशांना या दोन्हींमधून वाट काढावी लागते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब तर कलम 25नुसार पुरावा म्हणून चालतच नव्हता. मॅजिस्ट्रेटसमोर द्यायचा असेल तर तो स्वखुशीनं दिला आहे याची खात्री करून घेण्याची रीत ठरलेली होती. ब्रिटिशांच्या काळापासून आलेले हे नियम म्हणजे पोलिसांच्या कोठडीत काय होतं, याची कायद्यानं दिलेली कबुलीच आहे, असं मी समजतो.

सत्र न्यायालयानं मुख्य आरोपींना फाशीची शिक्षा दिली. यात एक होता गावातला सधन माणूस, एकेकाळचा नगरपालिकेचा अध्यक्ष. दुसरी त्याच्यासोबत राहणारी बाई. ज्यांच्यासाठी हे सर्व झालं असं अभियोग सांगत होता, ते हे दोघं. मुंबई उच्च न्यायालयानं 1976मध्ये या दोघांनाही निर्दोष सोडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला 1977चा निकाल ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं कायद्याच्या पुस्तकांत आहे. त्या दोघांचं निर्दोषत्व कायम राहिलं. इतर काही आरोपींवरचे दोष टिकले. माफीच्या साक्षीदाराला आधार देणारा स्वतंत्र पुरावा कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्या निकालात एकेका आरोपीगणिक तपासलेलं आहे. शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीचं म्हणणं ऐकून घेण्याची नवी तरतूद 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली होती. ती पाळली गेली नसेल तर काय करायचं, हाही प्रश्न त्यात हाताळला आहे. गुन्हा उकलण्याच्या उत्साहात पोलीस मर्यादा ओलांडतात, कोठडीत हात उगारतात, आणि ही प्रवृत्ती वेळीच खुडली पाहिजे, असं न्यायमूर्तींनी याच निकालात बजावलं. हा निकाल आजही वकील उद्धृत करतात. मानवतचं नाव ठाऊक नसलेले वकीलसुद्धा.

यावर लोक पटकन एक निष्कर्ष काढतात: पैसेवाले सुटले, भाडोत्री अडकले. ही शंका मनात येणं स्वाभाविक आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. या देशात असं घडताना आपण पाहिलेलं आहे. पण कायद्यानं निर्दोष ठरवलेल्या माणसाला गावगप्पांत, सिनेमात, पुस्तकांत आयुष्यभर खुनी म्हणत राहणं मी मान्य करणार नाही. म्हणूनच या दोघांची नावं मी या प्रस्तावनेत घेतलेली नाहीत. न्यायालय जेव्हा म्हणतं की पुरावा पुरेसा नाही, तेव्हा ते पोलिसांचा अपमान करत नसतं, आणि मेलेल्या मुलींनाही वाऱ्यावर सोडत नसतं. कोठडीत कबूल केलेल्या भलत्याच माणसाला फासावर चढवून त्या मुलींना न्याय मिळाला नसता.

ही भीती काल्पनिक नव्हे. इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यात, नारबरो गावाच्या परिसरात, 1983 आणि 1986 मध्ये दोन शाळकरी मुलींचे बलात्कार करून खून झाले. गाव लहान, पद्धत सारखी. पोलिसांनी एका तरुणाला पकडलं आणि त्यानं दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पहिला खूनही त्याचाच असणार, हे सिद्ध करण्यासाठी पोलीस जेफ्रीज यांच्याकडे गेले. चाचणीत निघालं ते उलटंच: दोन्ही खून एकाच माणसानं केले होते, आणि तो माणूस हा कबुली देणारा तरुण नव्हता. डीएनएनं गुन्ह्याच्या तपासात केलेलं पहिलं मोठं काम म्हणजे एका निर्दोष माणसाची सुटका. त्यानंतर आसपासच्या हजारो पुरुषांचे रक्ताचे नमुने घेतले गेले. खरा गुन्हेगार, कॉलिन पिचफर्क, आपल्या जागी दुसऱ्याला नमुना द्यायला पाठवून त्यातूनही निसटला होता. दारूच्या अड्ड्यावरच्या गप्पांमधून ती गोष्ट फुटली तेव्हा 1987मध्ये तो सापडला. म्हणजे एवढं विज्ञान हाताशी असूनही शेवटी कुणीतरी बोलल्यावरच तो हाती लागला. मानवतमध्ये हे विज्ञान असतं तर काय निष्पन्न झालं असतं, हा विचार हे पुस्तक लिहिताना माझा पिच्छा सोडत नव्हता.

आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. या प्रकरणातल्या बाईचा उल्लेख सांगोवांगीत तिच्या पारधी जातीसकट होतो, आणि जात सांगितली की सांगणाऱ्याला पुढचं काही सिद्ध करावं लागत नाही. ब्रिटिश सरकारनं 1871च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्या या यादीतून ‘विमुक्त’ झाल्या. पण पोलीस ठाण्याच्या आणि गावाच्या नजरेतून त्या आजही पुरत्या सुटलेल्या नाहीत. मानवतच्या कहाणीत अघोरी, कामुक, दुष्ट अशी एक बाई उभी केली की सगळं सोपं होतं: गावातल्या प्रतिष्ठेकडे, सावकारीकडे, पैशाच्या हव्यासाकडे, मुलगी हरवल्यावर गरिबाच्या तक्रारीला किती किंमत मिळते याकडे बघायची गरजच उरत नाही. ‘अंधश्रद्धा’ हा शब्दही कधीकधी असाच वापरला जातो. नरबळीची कल्पना अज्ञानातून येते हे खरं. पण गुप्तधनाची हाव अडाणी माणसाचीच मक्तेदारी नाही, आणि दुसऱ्याची मुलगी आपल्या सुखासाठी वापरता येते ही समजूत तर नाहीच नाही. महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला 2013मध्ये, आणि तोही त्यासाठी अनेक वर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाल्यावर. मानवतचा पहिला खून आणि हा कायदा यांच्यामध्ये 41 वर्षांचं अंतर आहे.

कलेनं या विषयाला दोनदा हात घातला. 1981मध्ये अमोल पालेकरांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. घटना सांगण्यापेक्षा ती घडवणारी माणसं आणि त्यांचे परस्परांशी असलेले व्यवहार त्यांना महत्त्वाचे वाटले होते. 2024मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली, दिग्दर्शक आशिष बेंडे, कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. ती कुलकर्णींच्या ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड्स ऑफ क्राइम’ या आठवणींवर आधारलेली आहे, त्यामुळे तिथे नजर तपास अधिकाऱ्याची आहे. कुलकर्णी पुढे राज्याचे पोलीस महासंचालक म्हणून निवृत्त झाले. शांत, अभ्यासू आणि सत्तेपुढे न वाकणारा अधिकारी ही त्यांची ओळख मला आदरणीय वाटते. तरी त्यांना ‘महाराष्ट्राचे शेरलॉक होम्स’ म्हणण्याचा मोह टाळावा असं वाचकांना सुचवतो. होम्सला उलटतपासणीला उभं राहावं लागलं नाही. कुलकर्णींच्या तपासाचा एकेक धागा तीन न्यायालयांनी उलगडून पाहिला. काही धागे टिकले, काही तुटले. त्यांची थोरवी मोजायची असेल तर ती याच कसोटीवर मोजावी लागेल.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. मारल्या गेलेल्यांची नावं न्यायालयीन नोंदीत आहेत, पण त्यांची घरं, नातेवाईक आजही असू शकतात, म्हणून मुलींची नावं मी छापलेली नाहीत. त्यांचं वय, त्या दिवशी त्या कोणत्या कामाला निघाल्या होत्या, घरात आणखी कोण होतं, हे जिथे नोंदलेलं आहे तिथे दिलं आहे. तपासाच्या प्रकरणांनंतर निकालाची तीन प्रकरणं आहेत: सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. ती थोडी जड जातील. वाचकानं ती गाळू नयेत अशी माझी विनंती आहे, आणि कायद्याचं शिक्षण नसलेल्यालाही समजतील अशी ती लिहायचा प्रयत्न केला आहे. पहिल्या प्रकरणात मात्र खून नाही, पोलीस नाही. ते 1972च्या पावसापासून सुरू होतं: तो किती पडला, विहिरी कधी आटल्या, दुष्काळी कामं कुठे निघाली, आणि मानवतच्या कोणत्या वस्तीतून पाणी किती लांब होतं.